पकडायचं नाही, असा नियम होता

सांगलीत एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. चार मशिनं, एक करकरणारा पंखा आणि कोपऱ्यात सगळ्यांत जास्त गर्दीचं मशिन, 'किंग ऑफ फायटर्स ९७'चं. रुपयाचं नाणं काचेच्या खालच्या कडेवर ठेवलं की पुढचा नंबर तुमचा. जिंकणारा मशिनवर राहायचा, हरणारा बाजूला व्हायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात वाढलेल्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या गावात 'मुस्तफा' असेल, कुणाच्या 'टेकन ३', पण काचेवरची नाणी सगळीकडे होती.

आमच्या पार्लरमध्ये एक नियम होता: पकडायचं नाही. म्हणजे समोरच्याला अगदी जवळ जाऊन उचलून आपटायचं नाही. लाथा चालतील, बुक्क्या चालतील, लांबून आग फेकलेली चालेल, पकडणं मात्र रडीचा डाव. चुकून कुणी पकडलंच तर त्यानं जॉयस्टिकवरून हात काढायचा आणि समोरच्याला एक फटका फुकट मारू द्यायचा. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

एका मे महिन्यात सुट्टीला आलेला एक पाहुणा मुलगा मशिनवर उभा राहिला. त्याला हा नियम माहीत नव्हता. तो शांतपणे चालत यायचा, आम्ही जॉयस्टिक मागे ओढून ब्लॉक करत बसलेलो असायचो, आणि तो पकडून आपटायचा. पुन्हा चालत यायचा, पुन्हा आपटायचा. एकामागून एक सहा जणांची नाणी गेली. आरडाओरडा झाला. त्यानं मागे वळूनही न बघता सांगितलं, "मशिनमध्ये दिलंय ना? मग सोडवायला शिका की."

त्या वाक्याचं महत्त्व कळायला मला बरीच वर्षं लागली. आज फायटिंग गेम्सविषयी जो वाद जगभर चालू आहे, त्याचं उत्तरही मला त्याच वाक्यात सापडतं. वाद असा: हे खेळ नवख्यांसाठी सोपे केले, तर त्यांतलं कौशल्य आणि खोली संपते का?

आधी पकडण्याविषयी. या खेळांचा पाया तीन गोष्टींवर उभा आहे. ब्लॉक केला की मारलेला फटका वाया जातो. ब्लॉक करणाऱ्याला पकडता येतं. आणि पकडायला येणाऱ्याला वेळेवर मारता येतं. तिन्हींपैकी एकही पाय काढला तर तिवई पडते. आम्ही पकडणं बंद केलं होतं, म्हणजे ब्लॉक करणं पूर्ण फुकट केलं होतं. त्यामुळे आमचे सामने कसे व्हायचे? ज्याच्याकडे लाइफ थोडं जास्त उरलं तो कोपऱ्यात दबून बसायचा आणि वेळ संपायची वाट बघायचा. आम्हाला वाटायचं आपण सभ्य खेळतोय. प्रत्यक्षात खेळातलं सगळ्यांत मोठं कोडं आम्ही स्वतःच्या हातांनी काढून टाकलं होतं.

त्या कोड्याकडे जरा जवळून बघू. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांनी चालतात. डोळ्यांनी काही बघून बोटानं उत्तर द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सुमारे १५ फ्रेम. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये पकडायची क्रिया सुरू होऊन पूर्ण व्हायला लागतात ५ फ्रेम. म्हणजे पकडलं जाताना बघून सुटणं कुणालाही शक्य नाही, जगज्जेत्यालाही नाही. तो आत्ता पकडणार, हे आधी ओळखूनच सुटकेची बटणं दाबावी लागतात. बरं, ती दाबली आणि त्यानं पकडलंच नाही, नुसतं अर्धं पाऊल पुढे येऊन मागे घेतलं, तर? तर तुमचे हात हवेत फिरतात आणि तो मोकळ्या अंगावर सगळ्यांत मोठा फटका मारतो. हुतूतूच्या पाट्यावर ज्यानं कुणाला हूल देताना पाहिलंय, त्याला यापेक्षा जास्त समजवायची गरज नाही. कुस्तीच्या फडात दोन पैलवान समोरासमोर येतात आणि पहिली काही मिनिटं नुसती हातांची खडाखडी चालते. नवख्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. जाणत्यांचे डोळे तेव्हाच सगळ्यांत जास्त ताणलेले असतात. फायटिंग गेममध्येही दोन तरबेज खेळाडू फटक्याच्या टप्प्याच्या जरासे बाहेर मागेपुढे होत राहतात, तेव्हा तीच खडाखडी चाललेली असते.

माझ्या मते खेळाची खोली म्हणजे हीच: प्रत्येक डावाला तोड असणं, त्या तोडीलाही तोड असणं, आणि यांतलं काय येणार हे समोरच्या माणसाकडे बघून ओळखावं लागणं. डाव टाकायला बोटांना किती कसरत करावी लागते, हा वेगळा प्रश्न आहे. या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून हा वाद इतका कडवट होतो.

'स्ट्रीट फायटर ६' बाजारात आला २ जून २०२३ रोजी. तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं त्यात खेळायच्या दोन मुख्य पद्धती दिल्या. 'क्लासिक' म्हणजे जुन्या 'स्ट्रीट फायटर'पासून चालत आलेली: सहा बटणं, आणि खास डावांसाठी जॉयस्टिकच्या ठरावीक हालचाली. हदोकेनला, म्हणजे हातांतून लांब फेकायच्या गोळ्याला, खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा. शोऱ्युकेनला, म्हणजे वर उसळत मारायच्या ठोशाला, पुढे, खाली, तिरकं आणि ठोसा. 'मॉडर्न' पद्धतीत हेच डाव एक दिशा आणि एका बटणावर निघतात. त्याची किंमतही ठेवली आहे. सोप्या बटणानं टाकलेल्या खास डावाचा मार २० टक्के कमी बसतो, आणि मॉडर्नवाल्याला साधे फटकेही सगळे मिळत नाहीत.

जुन्या खेळाडूंचा यावर राग आहे आणि तो नुसता जुनाटपणा म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल. त्यांचं सगळ्यांत भक्कम म्हणणं असं आहे की कधी कधी बोटांची अडचण हीच तोड असते. शोऱ्युकेनची पहिली हालचाल 'पुढे' अशी आहे. ब्लॉक करायला मागे धरावं लागतं. म्हणजे शोऱ्युकेन टाकायचं ठरवलं त्या क्षणी तुम्ही ब्लॉक सोडता, आणि समोरचा त्या फटीचा फायदा घेऊ शकतो. गाइल या लढवय्याचं उदाहरण तर त्याहून चांगलं. त्याचा लांबून फेकायचा सॉनिक बूम टाकण्याआधी जॉयस्टिक थोडा वेळ मागे धरून ठेवावी लागते. त्यामुळे गाइल एक पाऊल पुढे चालत आला, की समोरच्याला लगेच कळतं की आता बूम येणार नाही. इथे हाताची सक्ती ही माहिती बनते. मैदानावर काय घडू शकतं आणि काय नाही, हे त्या सक्तीमुळेच वाचता येतं. ज्यानं हे आखलं त्याला मी मनापासून मानतो. अशा ठिकाणी सक्ती काढली आणि बदल्यात दुसरी काही किंमत ठेवली नाही, तर खोली खरोखरच कमी होते. २० टक्के मार कमी करणं हा त्यावरचा तसा ढोबळ उपाय आहे. फट गेली ती गेलीच, फक्त शिक्षा कमी झाली.

पण एवढं मान्य करूनही मी मॉडर्नच्या बाजूनं उभा आहे.

माझा तेरा वर्षांचा भाचा गेल्या दिवाळीत आमच्याकडे होता. तो मॉडर्नवर खेळतो, मी क्लासिकवर. पहिल्या दोन संध्याकाळी मी उडी मारली की त्याचा लढवय्या केन शोऱ्युकेननं मला खाली पाडायचा. प्रत्येक वेळी, न चुकता. मला ती हालचाल घामानं शिकावी लागली होती आणि हा अंगठ्याच्या एका दाबानं ती काढत होता. 'रडीचा डाव' हे शब्द अगदी ओठांवर आले. तेव्हा पार्लरमधला तो पाहुणा मुलगा आठवला आणि मी शब्द गिळले.

तिसऱ्या संध्याकाळी मी उड्या बंद केल्या. चालत त्याच्या जवळ जायचो आणि नुसता ब्लॉक धरायचो. काहीतरी येणार या धास्तीनं तो शोऱ्युकेन टाकायचा. तो माझ्या ब्लॉकवर आपटायचा, केन हवेतून खाली येईपर्यंत मोकळा, आणि मी पूर्ण कॉम्बो, म्हणजे एकाला लागून एक फटक्यांची माळ, मारायचो. असं तीनदा झाल्यावर त्यानं बटण दाबणं थांबवलं. तो थांबला तशी मी त्याला पकडला. दोनदा आपटल्यावर त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवून विचारलं, "मामा, हे सोडवायचं कसं?" मी त्याला दोन बटणं दाखवली. पाच-सहा राउंडमध्ये तो सुटायला लागला. मग मी अर्धं पाऊल मागे घ्यायला लागलो, आणि त्याचे हात हवेत फिरायला लागले. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पडद्याकडे नाही, माझ्याकडे. मी काय करणार, हे तो पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्यावर शोधत होता.

खेळ खऱ्या अर्थानं तिथे सुरू झाला. तिसऱ्या संध्याकाळी. मला सांगलीत इथवर पोचायला एक आख्खं वर्ष लागलं होतं, आणि त्यातला बहुतेक काळ समोरच्याला ओळखण्यात गेला नव्हता, बोटं वळवण्यात गेला होता. ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही. हातात डाव बसण्याचा आनंद मोठा असतो, आजही मी क्लासिक सोडलेलं नाही. पण माझ्याबरोबर नाणी ठेवणाऱ्या वीसेक मुलांपैकी बहुतेक त्या वर्षातच गळाली. बटणं बडवून हरायचे आणि निघून जायचे. आत काय आहे हे त्यांना कधी दिसलंच नाही.

निर्मात्यांनी खोली जपली आहे की नाही, हे तपासायचं असेल तर सोप्या गोष्टीची तोड कुठे ठेवली आहे ते बघावं. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये ड्राइव्ह पॅरी नावाचा बचाव आहे. बटण दाबून धरलं की येणारे फटके आपोआप अडवले जातात. ऐकायला फारच सोपं. पण पॅरी धरून बसलेल्याला पकडलं, तर नेहमीपेक्षा जास्त मार बसतो. आमच्या पार्लरनं जी तोड बंद केली होती, तीच तोड त्यांनी सोप्या बचावाच्या समोर आणून उभी केली, आणि तिला धारही लावली. खेळ कळणाऱ्या माणसाची ही रचना आहे.

हातांच्या कौशल्याचा विषय निघाला की सगळे एकाच प्रसंगाकडे बोट दाखवतात, आणि तो प्रसंग आहेच तसा. ऑगस्ट २००४, कॅलिफोर्नियातलं पोमोना, इव्हो ही फायटिंग गेम्सची स्पर्धा. खेळ 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन, दुसऱ्या बाजूला जपानचा दाइगो उमेहारा केन घेऊन. केनचं लाइफ इतकं कमी उरलं होतं की खास डाव ब्लॉक केला तरी त्याच्या धक्क्यानं तो मेला असता. वाँगनं चुन-लीचा सुपर, म्हणजे तिचा सगळ्यांत जोरदार खास डाव, टाकला, पंधरा फटक्यांचा. त्या खेळात पॅरी म्हणजे फटका लागायच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे दाबायची, ब्लॉक सोडून. एक चुकला की संपलं. उमेहारानं पंधराच्या पंधरा फटके पॅरी केले, शेवटचा तर हवेत उडी घेऊन, आणि उलट कॉम्बो मारून राउंड जिंकला. तो व्हिडिओ आजही अंगावर काटा आणतो.

मॉडर्नचे विरोधक विचारतात, हे एका बटणावर झालं असतं तर कुणी लक्षात ठेवलं असतं का? नसतं. पण त्या क्षणात अवघड काय होतं, ते नीट बघायला हवं. चौदा फटक्यांचा ताल सरावानं बसतो. 'थर्ड स्ट्राइक'चे अनेक खेळाडू तो बसवतात. पहिला फटका मात्र तसा पॅरी करता येत नाही, कारण सुपर सुरू झालेला बघून जॉयस्टिक दाबायला वेळच उरत नाही. तो सुरू व्हायच्या आतच दाबावी लागते. म्हणजे उमेहाराला आधीच कळलं होतं की वाँग आत्ता, याच घटकेला सुपर टाकणार. का कळलं? कारण आपलं लाइफ किती उरलंय आणि त्यामुळे वाँगला तो सामना कसा संपवावासा वाटेल, हे त्यानं जाणलं होतं. बोटांनी नंतरचे चौदा फटके अडवले. पहिला त्यानं समोरच्याच्या मनात शिरून अडवला. आणि तो पहिला नसता तर बाकीच्यांची वेळच आली नसती.

याच्या पुढचा पुरावा वयाचा आहे. चीनमधल्या हांगझोऊला २०२३मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांत 'स्ट्रीट फायटर ५' हा पदकाचा खेळ होता आणि भारताचेही दोन खेळाडू उतरले होते. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यानं, वयाच्या ४४व्या वर्षी. बोटांच्या चपळाईवरच हा खेळ ठरत असता, तर विशीतल्या पोरांनी त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं.

आता माझा खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. तोड शोधायला माणूस लागतो. एकट्यानं कॉम्प्युटरशी खेळून कुणी खोल जात नाही. तुमच्या बरोबरीचे, तुम्हाला रोज नवं कोडं घालणारे वीस-पंचवीस जण आजूबाजूला लागतात. लाहोरच्या अर्सलान सिद्दीकचं उदाहरण याच कारणासाठी मला जवळचं वाटतं. अर्सलान ॲश या नावानं तो खेळतो. फेब्रुवारी २०१९मध्ये त्यानं जपानमध्ये फुकुओका इथे 'टेकन ७'ची इव्हो जपान स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासची मुख्य इव्होही. तोवर टेकन म्हणजे कोरिया आणि जपान, असं जग धरून चाललं होतं. जिंकल्यावर त्यानं सांगितलं की आपल्या देशात आपल्या तोलाचे आणखी खेळाडू बसलेले आहेत. ते खरं ठरलं. पुढे आतिफ बट या दुसऱ्या पाकिस्तानी खेळाडूनं टेकन वर्ल्ड टूरची अंतिम फेरी जिंकली. बे जे-मिनसारखा कोरियाचा नामांकित खेळाडू सरावासाठी पाकिस्तानात जाऊन आला. महागडी यंत्रं नव्हती, परदेशवाऱ्या नव्हत्या. खांद्याला खांदा लावून रोज एकमेकांना हरवणारी माणसं होती. सांगलीत ती होती आणि आम्ही ती टिकवू शकलो नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून प्रवेशाचं दार रुंद करणं हे खोलीच्या विरोधात नाही, खोलीसाठीच आवश्यक आहे. २०२३च्या इव्होत 'स्ट्रीट फायटर ६'साठी सात हजारांहून जास्त खेळाडूंनी नाव नोंदवलं. श्रेय एकट्या मॉडर्नचं नाही, खेळ नवा होता आणि ऑनलाइन सामनेही आता नीट चालतात. मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या फेऱ्यांत आजही क्लासिकवालेच जास्त दिसतात, म्हणजे सोप्या बटणानं कुणाचं सिंहासन फुकटात गेलेलं नाही. आत येणाऱ्यांची संख्या मात्र वाढली. त्यांतले काही टिकतील, काही पुढे क्लासिक शिकतील, आणि काही जण आपल्याला न सुचलेली तोड काढतील. कॉम्बोसुद्धा असाच आला होता. 'स्ट्रीट फायटर २' तयार होताना गाडी फोडायच्या बोनस फेरीत एका फटक्याला लागून दुसरा फटका बसतोय, हे निर्माता नोरिताका फुनामिझू याच्या नजरेस पडलं. मुद्दाम केलेलं नव्हतं, तरी ते तसंच राहू दिलं गेलं. आज ज्या कॉम्बोंना खेळाचा प्राण म्हणून जपलं जातं, ते सुरुवातीला ठरवलेलेच नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नाला आता सरकारी बाजूही आली आहे. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धात्मक खेळांना, वेगळं स्थान दिलं. ई-स्पोर्टचा निकाल कशावर लागावा, हे सांगताना त्या कायद्यानं शारीरिक चपळाई, बौद्धिक तत्परता आणि डावपेचांचा विचार, अशी तिन्ही नावं घेतली आहेत. चपळाई तीनांतली एक आहे. उद्या महाविद्यालयं, क्रीडा संघटना, पालक या खेळांकडे बघायला लागतील, तेव्हा त्यांनी मुलाच्या बोटांचा वेग तेवढा बघू नये. तो समोरच्याला कसा वाचतो, हरल्यावर पुढच्या राउंडमध्ये काय बदलतो, तेही बघावं.

आणि एक अगदी साधी गोष्ट लगेच करता येईल. आपल्या कॉलेज फेस्टिव्हलांत या खेळांच्या स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. नवखा मुलगा पन्नास-शंभर रुपये भरतो, एखाद्या मुरलेल्या खेळाडूसमोर बसतो, तीन मिनिटांत हरतो आणि बॅग उचलून घरी जातो. इव्होत तसं होत नाही. तिथे एकदा हरलेला खेळाडू दुसऱ्या गटात जातो आणि दुसऱ्यांदा हरला तरच बाहेर पडतो. २००४चा तो प्रसिद्ध सामना त्या दुसऱ्या गटाचाच अंतिम सामना होता. उमेहारा आणि वाँग, दोघंही त्याआधी एकेकदा हरलेले होते. आपल्या फेस्टिव्हलचा नियम तिथे असता, तर ते दोघं त्या दिवशी एकमेकांसमोर बसलेच नसते. आणखी एक कन्सोल आणि तासभर जास्त, एवढाच काय तो खर्च आहे.